माजाचे तीन दिवस

विस्कॉन्सिन,
सोमवार, २० नोव्हेंबर

सखी कुमुद,

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललंस हे वाचून नवल वाटलं नाही. लेले शास्त्रींच्या वर्गात तू संस्कृतची सन्नन्त रूपंसुद्धा अशीच पुढे ढकलायचीस, आणि शेवटी परीक्षेत माझ्या वहीत बघायचीस. मी बरी आहे. लायब्ररी बरी आहे. शनिवारपासून बंदुकीने हरीण मारायचा हंगाम लागलाय, त्यामुळे अख्खं गाव भडक भगव्या जाकिटांत हिंडतंय. एखादा मठ सहलीला निघाल्यासारखं दिसतं.

यंदा हरीण मिळालं का, असं तू विचारलंयस. मिळालं. आठ टोकांच्या शिंगांचा नर, एकाच बाणात. ‘शास्त्रींची अहिंसक शिष्या’ हा तुझा टोमणाही मिळाला. नऊ वर्षं दर दिवाळीला मिळतोय, आता सवय झालीय.

आणि ऑर्विल गेला. हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

ऑर्विल म्हणजे आमचा शेजारी टॉलेफसन. सुधीर गेला, घरात मी एकटी उरले, त्या हिवाळ्यात रोज पहाटे माझ्या दारातला बर्फ कोण काढतं हे मला महिनाभर कळलं नव्हतं, तो हा. पुढच्या वर्षी त्याने माझ्या हातात धनुष्य दिलं. त्याच्या मते घरात बसून रडण्यापेक्षा झाडावर बसून रडलेलं बरं, फक्त आवाज करायचा नाही. सात तारखेला मचाणावरून पडला. चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. कमरेचा पट्टा होता, पण चढताना लावला नव्हता.

त्याची बायको मार्लिस काल आली होती. येताना बटाट्याच्या पोळ्या घेऊन आली. इथे दुःखातही कुणी रिकाम्या हाताने येत नाही. कॉफी ओतून झाली. मग म्हणाली, “नळी त्याच्या मुठीत होती. शेरीफच्या माणसाने बोटं सोडवून काढली. तो हरणाला बोलवत होता की कुणाला, ते मला कळत नाहीये. तू घळीच्या अलीकडेच होतीस ना गं? काही ऐकू आलं का तुला?”

मी म्हटलं, “वारा फार होता त्या दिवशी.”

“हो का? बरं,” ती म्हणाली. कप विसळून ठेवला आणि दारातून म्हणाली, “नीट आठवून बघ. गुरुवारी सांग.”

गुरुवारी इथला आभाराचा सण. नऊ वर्षं मी त्यांच्याच टेबलावर जेवते, आणि त्या वर्षीचं हरणाचं मांस मी न्यायचं हे ठरलेलं.

नळीचं तुला सांगायला हवं. शिकारी गळ्यात एक नळी अडकवतात. फुंकली की माजावर आलेल्या नरासारखी घुरघुरते. दुसरा नर ऐकतो, याच्या वाट्याची मादी आपण पळवू म्हणून धावत येतो. सगळी विद्या आहे ती वेळेची. ऑक्टोबरात फुंकाल तर हरीण ढुंकून बघत नाही. दिवस एका ठरावीक मापापर्यंत आखडले की माद्या माजावर येऊ लागतात, आणि मग नर भर दुपारी उघड्यावर हिंडतो, खात नाही, मागे बघत नाही. ऑर्विलकडे एकतीस वर्षांची टिपणं होती. कोणत्या दिवशी पहिल्या झाडाची साल शिंगांनी खरवडलेली दिसली, कधी पहिला पाठलाग. चहाच्या टपरीसारखं आमचं एक कॉफीचं दुकान आहे, तिथे दर वर्षी त्याचं आणि चंद्रवाल्यांचं भांडण व्हायचं.

“पौर्णिमा बघून शिकार करतो म्हणे!” तो ओरडायचा. “अरे, चंद्राला काय पडलंय हरणाचं? दिवस आखडला की नराची अक्कल जाते, बास. काय प्रोफेसर, तुमच्या पोथ्यांत आहे की नाही हे?”

“आहे की,” मी, म्हणजे त्याची ‘प्रोफेसर’, म्हणायची. “तिथे फक्त नराच्या जागी राजा असतो.”

तर टिपणांवरून आमचे तीन दिवस ठरलेले: सहा, सात, आठ. नियमही ठरलेला. अंधारात चढायचं, अंधार पडल्यावर उतरायचं. मधे कुणी कुणाच्या रानात पाऊल टाकायचं नाही. माणसाचा वास एकदा जमिनीला लागला की वर्षाचा हंगाम बुडाला. फोन गाडीत ठेवायचे, तसेही घळीत ते लागत नाहीत. पहिल्या वर्षी मला थंडी सोसेना म्हणून मी दुपारी त्याच्या मचाणाखाली जाऊन उभी राहिले होते. त्याने दोरीवरचा बाण काढून भात्यात ठेवला. मग म्हणाला, “घरी जा, प्रोफेसर. मलाही आता घरीच जायचंय.” त्या वर्षी त्यांच्या टेबलावर दुकानातली कोंबडी होती. त्यानंतर मी नियम कधी मोडला नाही.

कुमुद, वारा नव्हता.

पान पडलं तरी ऐकू येईल अशी सकाळ होती. साडेसातला घळीच्या पलीकडून घुरघुर आली. तीन आखूड, मग थांबा. परत तीन. मला वाटलं नर आलाय, म्हणून मी बाण दोरीला लावून बसले. पण हरीण मादीमागे फिरताना घुरघुरतं, आवाज हलतो. हा एकाच जागेवरून येत होता. आठच्या सुमारास मी ओळखलं की ही ऑर्विलची नळी आहे. ओळखलं, हे नीट वाच. आणि मला राग आला. मनात म्हटलं, म्हातारा लोभी झालाय. इतकी नळी फुंकायची नसते, हे मला त्यानेच शिकवलं होतं. आणखीही एक शिकवलं होतं. रानात कुठलीही गोष्ट तीनदा झाली, तीन बार, तीन शिट्ट्या, तर माणूस अडचणीत आहे समजायचं.

ते मला आठवलं. साडेदहाला आठवलं. मी मचाणाच्या शिडीवर एक पाय टाकलासुद्धा. मग ती कोंबडी आठवली, आणि मी पाय वर घेतला. बरगड्या मोडलेला माणूस ओरडू शकत नाही, पण नळीत फुंकर घालू शकतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तर उतरले असते, असं मी गेले तेरा दिवस स्वतःला सांगतेय.

एक वाजता तो नर आला. त्या आवाजाकडेच चालला होता, मान खाली घालून, सरळ माझ्या समोरून. मी बाण सोडला. आवाजाच्या रोखाने बाण सोडणाऱ्या त्या राजाची गोष्ट आपण शास्त्रींकडे रडत रडत ऐकली होती ना? त्याला निदान आपण काय ऐकतोय ते माहीत नव्हतं.

बाण लागल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, नाहीतर जखमी जनावर दूर पळतं. मी थांबले. तेवढ्यात नळी बंद पडली. ऑर्विलला कळलं, आता तो मला शिव्या घालत असेल, असं वाटून मी एकटीच हसले. मग हरीण शोधलं, साफ केलं, गाडीवाटेपर्यंत ओढत आणलं. अंधार पडल्यावर, अगदी नियमाप्रमाणे, त्याला दाखवायला गेले.

सकाळीच सापडला असता तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. मार्लिसनेही विचारलं नसावं. ती मलाच विचारतेय.

मांस फ्रीजरमध्ये आहे. त्याच्या हाकेवर आलेलं हरीण तिच्या ताटात वाढून, वर ‘वारा होता’ म्हणायचं, एवढंच गुरुवारी करायचं आहे. सोपं आहे. मला अवघड गोष्टी शिकवल्या होत्या शास्त्रींनी, ही तर कुणालाही येईल.

माझ्या आणि मार्लिसच्या टपालपेट्या रस्त्यावर एकाच खांबावर आहेत. हे पत्र आत टाकून पेटीची लाल पट्टी वर करीन, टपालवाला अकराला येतो. तिथून तिचं दार साठ पावलांवर आहे. गुरुवारपर्यंत थांबणार नाही. तुला कळलंय आणि तिला नाही, असं तीन दिवस ठेवायची माझी हिंमत नाही. थांबून बघायचं ते मी एकदा थांबून पाहिलंय.

गुडघ्याचं ऑपरेशन करून घे गं. ढकलू नकोस.

उत्तर लिहिलंस तर लिही, नाही लिहिलंस तरी तुझीच,

सगळं ऐकू आलेली
वैजयंती