‘कुड यू मेक इट’चा साचा

सौ. मालकीणबाईंस,
शिलाई मशीनशेजारून सप्रेम.

तब्येत ठणठणीत, एकट्याला जेवण तेवढं गोड लागत नाही. आईचा गुडघा कसा आहे?

‘इंग्रजी येत नाही, मी तिकडे येणार नाही,’ असं लिहिलंस, म्हणून सांगतो. दुकानात वकील येवो की गवंडी, पँट टाकून विचारतो, ‘कुड यू मेक इट शॉर्टर?’ म्हणजे आखूड कराल का? दुसरा ‘लूसर’ म्हणतो, म्हणजे सैल. शेवटचा शब्द तेवढा बदलतो. अगं, अख्खा मुलूख एकाच बेतावर वाक्यं शिवतो! मी थक्क होतो. पूर्वी मी मराठी वाक्य उसवून एकेक इंग्रजी शब्द जोडायचो, गिऱ्हाईक बघत राहायचं; आता त्यांचाच साचा उचलतो.

तू तर शेजारणीचं बोलणं हुबेहूब उचलतेस. मग घाबरतेस कशाला?

येण्याचं ठरव. कुड यू मेक इट सूनर? म्हणजे, जरा लवकर ये गं.

तुझाच,
शिंपीबुवा