सकाळच्या पाळीतली कावीळ

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय: डायलिसिस विभागात हिपॅटायटिस सी या काविळीची लागण पसरत असल्याबाबत, आणि उद्या बुधवारी दुपारी बाराच्या आत आदेश मिळण्याबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे दोन अर्ज (पोच मिळालेली नाही).

महोदय,

मी खाली सही करणारी, वय ४७, शाळेचे गणवेश शिवते. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याने गेली तीन वर्षे सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी सात वाजता आपल्या विभागात यंत्र क्रमांक तीनवर असते. सिस्टर मायेने वागतात, सुई जपून टोचतात. हे आधीच नमूद करते, म्हणजे कोणाचा राग काढण्यासाठी अर्ज केला असे आपणास वाटू नये.

१. दोन महिन्यांपूर्वी माझ्या शेजारच्या यंत्रावरील निवृत्त चित्रकला शिक्षक (आम्ही त्यांना मास्तर म्हणतो) यांच्या रक्तात ही लागण निघाली. पंधरा दिवसांत बेकरीवाले काका, त्यानंतर खिडकीजवळच्या आजी. तिघेही सकाळच्या पाळीचे. विभागात दाखल होताना तिघांचेही रक्त स्वच्छ होते, हे आपल्याच फायलींत आहे.

२. शिवणाऱ्या बाईची नजर डागावर आधी जाते. माझ्या खुर्चीच्या हाताखाली वाळलेल्या रक्ताचा डाग सोमवारी होता, तोच बुधवारीही होता. रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध एकाच बाटलीतून सगळ्यांसाठी काढले जाते. शेजारी यंत्राची घंटा वाजली की सिस्टर माझी सुई हाताळलेले हातमोजे न बदलता तिकडे धावतात. अकरा रुग्णांमागे दोन सिस्टर, त्या तरी किती पुऱ्या पडणार? मी तंत्रज्ञांना हे दाखवले, तर ते म्हणाले, "मावशी, तुम्ही टीव्ही बघा." मी टीव्ही बघितला. त्याची मला आता लाज वाटते.

३. मास्तर फार घाबरले. म्हणाले, "जगायला इथे यायचं आणि दुखणं घेऊन घरी जायचं, हे मला नाही जमायचं." लागोपाठ दोन वेळा ते आलेच नाहीत. तिसऱ्या वेळी मुलीने त्यांना धरून आणले, तेव्हा पाय सुजलेले होते आणि श्वास पुरत नव्हता. त्यांना अतिदक्षता विभागात हलवले. शुक्रवारी त्यांच्या खुर्चीवर दुसरेच कोणी बसले होते. महोदय, मास्तर काविळीने गेले नाहीत. भीतीने घरी बसले, म्हणून गेले.

४. माझे रक्त एकोणीस दिवसांपूर्वी घेतले. अहवालाच्या खिडकीवर विचारले तर डॉक्टरांकडे पाठवतात, डॉक्टर म्हणतात अहवाल मोठ्या साहेबांकडे आहे. शेवटी मी बाहेर तपासून घेतले. काल संध्याकाळी अहवाल आला. मला लागण आहे. तिथल्या डॉक्टरांनी समजावले की गोळ्या आहेत, बहुतेक माणसे बरी होतात. मी मान डोलावली. घरी आले आणि हातशिलाई बंद केली. गुंडी लावताना सुई बोटात गेली, आणि तो गणवेश कुठल्या तरी लेकराच्या अंगावर गेला, तर? सूनबाई म्हणाली, "आई, सगळं मशीनवरच का चाललंय?" डोळे दुखतात म्हणून सांगितले. नातीला जवळ घेतले नाही. ती रुसली आहे.

५. आता अर्जाचे खरे कारण लिहिते. बारा वाजता मी उठले की त्याच खुर्चीवर बालवाडीच्या एक बाई बसतात. जेमतेम तिशीच्या. त्यांचे डायलिसिस सुरू होऊन सहाच आठवडे झालेत. गेल्या शुक्रवारी त्यांनी विचारले, "मावशी, इथे काही भीती नाही ना?" मला शंका होती, तरी मी म्हणाले, "काही नाही गं, बस निवांत." त्यांना सांगावे तर त्या मास्तरांसारख्या यायच्या थांबतील. न सांगावे तर माझे रक्त त्यांच्यापर्यंत जाईल. कदाचित गेलेही असेल. काल रात्रीपासून मी एवढाच विचार करते आहे आणि पुढे काही सुचत नाही.

तरी विनंती, की लागण झालेल्या आम्हा रुग्णांची यंत्रे आजपासून वेगळी करावीत, दर रुग्णामागे हातमोजे बदलावेत, औषधाची बाटली प्रत्येकाची निराळी असावी, दोन्ही पाळ्यांचे रक्त तपासून अहवाल ज्याचे त्याला द्यावेत. आणि त्या बाईंना कोणी जाणत्या डॉक्टरांनी शेजारी बसून सगळे सांगावे, आणि डायलिसिस चुकवू नका हेही त्याच दमात सांगावे.

मी उद्या सातला येणार. न येऊन चालत नाही. बारानंतर मात्र घरी जाणार नाही, दाराजवळच्या बाकावर बसेन. आपल्याकडून कोणी आले नाही, तर मलाच सांगावे लागेल. ऐकून त्या उठून निघाल्या, तर त्यांना धरायला माणूस हवा. मला धरता येणार नाही. त्या वेळी माझ्या हाताच्या पट्टीतून रक्त येत असते.

आपल्या आदेशाची वाट पाहणारी,

(सही)
यंत्र क्रमांक तीन, सकाळची पाळी
मंगळवार

सोबत: बाहेरील तपासणी अहवालाची प्रत, आधीच्या दोन अर्जांच्या प्रती.