वर कोण, खाली कोण

९ मार्च, सोम.
दूध उतू जायला आलेलं आणि बाळूचा फोन. हॅलो न्हाय, कशी हायस न्हाय. "आक्का, मला खाली घातलंस?" कुठं खाली? "दादा वर आणि मी त्याच्या पायाशी! पाहुण्यात बोंब झाली सगळीकडं." पाठचा भाऊ म्हणून ऐकून घेतलं. दिवाळीपास्नं डोळे फोडून ह्या दोघा भावांच्या मंगल कार्यालयाची वेबसाइट केली. हॉल, पंगतीची जागा, गाड्या लावायची जागा, लग्नाची तारीख मोकळी हाय का ते बघायची सोय. ह्यातलं एक दिसलं न्हाय त्याला. दिसलं काय, तर स्वतःचं थोबाड.
लॅपटॉपवर दोघांचे फोटो शेजारी शेजारी हायत. मोबाईल अरुंद, तिथं एकाखाली एक जातात. आपोआप. सांगितलं तसं. तर म्हणतो, "मग दादा का न्हाय गेला आपोआप खाली?"
दूध सांडलंच.

१० मार्च, मंगळ.
दादाला फोन केला. थोरला हाय, समजून घेईल वाटलं. "शोभे, हाय तसं ऱ्हाऊ दे. थोरला वर. ह्यात अवघड काय?"
बावड्याच्या रानात दोघांनी मिळून कार्यालय बांधलं. बांधताना एकमेकांशी बोलत न्हवते, निरोप गवंड्याकडनं जायचा. पाडव्याला उद्घाटन. आणि मी म्हणतेय, समजून घेईल!
आमच्या ह्यांचं आपलं एकच, "भावाभावांत पडू नको." पडले कुठं? ओढलंय मला.
आजवर वेबसाइटी केल्या कुणाच्या, तर गल्लीतलं पार्लर, शिवणक्लास आणि एक भडंगवाला. ओळखीचे सगळे. ह्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात घातलंय, 'वेबसाइट : शोभा, मंगळवार पेठ', आणि माझा नंबर. पाडव्याला आचारी, मंडपवाले, बँडवाले, सगळे उघडून बघणार. त्यातनं कामं आली तर धंदा उभा ऱ्हाईल. न्हायतर हाय आपलं, पापड लाटा.

१२ मार्च, गुरु.
जमलं! पान उघडलं की कधी हा वर, कधी तो. नशिबावर. कुणाच्या हातात न्हाय. शिकवायच्या व्हिडिओतलं पोरगं हिंदीत असलं भरभर बोलतंय, थांबवून थांबवून बघितलं. पहिल्यांदा दोघंबी गायब झाले. लई बरं वाटलं घटकाभर. मग कोडातला चुकलेला कंस सापडला.
दोघांना कळवलं. दोघं गप्प.

१३ मार्च, शुक्र.
गप्प कसले. सकाळपास्नं दोघं पान उघडझाक करत बसलेत. कामधंदा सोडून.
बाळू : "मी उघडलं की दादाच वर. तू कायतरी करून ठेवलंयस."
दादा : "चंदगडात सासरवाडीला उघडलं तर बाळ्या वर. मेव्हणा हसला मला, शोभे. मेव्हणा!"
वहिनीनं तर पुरावा म्हणून मोबाईलचा फोटो धाडला. बाळू वर, दादा खाली, आणि दादाभोवती लाल गोल काढलेला. पोरीचं लग्न ठरलं म्हणून हॉल शोधायला आलेल्या माणसानं ह्या दोघांची तोंडं कशाला बघायची? नवरा-नवरी कोण, हे?
शिसारी आली. दोघांचेबी फोटो काढून टाकले. हॉलचा टाकला, दिवे लावलेला, पानभर. छान दिसतंय. मी केलंय म्हणून न्हाय, खरंच दिसतंय.

१५ मार्च, रवि.
दोघं आले. एका गाडीवर! वर्षभर एकमेकांचं तोंड बघत न्हवते, ते माझ्या सोफ्यावर मांडीला मांडी लावून बसले. मला बोलायला.
"आमच्या कार्यालयातनं आम्हालाच काढलंस?"
चहा दिला. चहा पिऊन परत तेच. दादा म्हणाला, "आणि ते तळाला तुझं नाव कशाला? लोक म्हणतील, बहिणीकडनं घरातल्या घरात उरकलं. मोठ्या हापिसात केल्यागत दिसाय पायजे."
"व्हय की आक्का," बाळू. "तू काय परकी हायस? उद्घाटनाला औक्षण तूच करायचं. साडी नेसवतोय की. इरकल म्हणशील तर इरकल."
साडी. ह्यांच्या बायकांना विचारायचं तरी, मी इरकल नेसते का.
मग दादा, "आणि तो पासवर्ड देऊन ठेव."
म्हटलं, कुणाकडं देऊ?
"माझ्याकडं," दोघं एकदम. मग एकमेकांकडं बघत बसले. हसू आलं.
हे इतका वेळ पेपरात तोंड घालून. तोंड काढलं ते, "आणखी चहा टाक गं पाव्हण्यांना."
सातवीतनं माझी शाळा सोडवली ती बाळूला सांभाळायला. तेव्हाबी असंच, तू काय परकी हायस? आता चार अक्षरं पानाच्या तळाला, मुंगीएवढी, तीबी खुपतात.

१६ मार्च, सोम.
सकाळी एका आचाऱ्याचा फोन. कार्यालयाचं पान बघितलं म्हणाला, तळाला नंबर होता. "साहेब हायत का?" साहेब मीच. मग म्हणाला, "बरं बाई, आमचंबी तसलंच पायजे. ताटांचे फोटो हायत चांगले." उद्या येतो म्हणालाय.
पोहे टाकले, खाल्ले, मग बसून दोघांना एकच मेसेज लिहिला. इथं उतरवून ठेवते, उद्या 'तू असं म्हणालीच न्हाईस' नको :
"दादा, बाळू. पान असंच ऱ्हाणार. वर हॉल. तळाला माझं नाव आणि नंबर. साडी नको. भाऊ म्हणून यायचं तर या, जेवून जा. वेबसाइटीचं बोलायचं तर एकानं बोलायचं, कुणी ते तुमचं तुम्ही ठरवा. पटलं न्हाय तर बुधवारी सगळं तुमच्या मोठ्या हापिसाला देऊन टाकते. पासवर्डासकट. मग पाडव्याला औक्षणाला बायकांना उभं करा, मला बोलवू नका."
ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "माहेर तुटंल." तुटंल. मलाबी कळतंय की. तरी बटण दाबलं.
दोघांनी वाचलंय. बाळूचं 'लिहितोय' दिसलं, गेलं. परत दिसलं, गेलं.
म्हणून खाली आणखी एक ओळ धाडली. "उद्या मंगळवार. दिवे लागायच्या आत दोघांचं मिळून एक उत्तर पायजे. व्हय का न्हाय?"