ह्यांच्या फुशियाच्या कुंड्या

२ मार्च

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. ह्यांना परवा दवाखान्यातून घरी आणलं. उजवा हात आणि पाय अजून साथ देत नाहीत. बोललेलं समजतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. डॉक्टर म्हणाले, येतील हळूहळू. किती येतील ते सांगता येणार नाही. हो-नाहीचीसुद्धा पंचाईत आहे. चहा हवा का विचारलं तरी मान डोलावतात, नको का विचारलं तरी तशीच डोलावतात. जन्मभर चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना वाचायला लावलं, आणि आता ह्यांचे डोळे काय म्हणतात ते मला वाचता येत नाही.

लिहायचं खरं कारण कुंड्यांचं आहे. खुर्ची मागच्या दाराशी नेली की अंगणातल्या फुशियाच्या फुलझाडांकडे बघून नुसते तळमळतात. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या कुंड्यांना मी कधी बोट लावलं नाही. शाळेतून गणितं शिकवून दमून यावं, तर हे त्यांच्या सरबराईत गुंग. मी त्यांना माझ्या सवतीच म्हणायची. आता सवतींची सेवा माझ्याच गळ्यात पडली. रोज सकाळ-संध्याकाळ झारी भरून पाणी घालते, तरी माना टाकून बसल्यात. काय करू ते कळवा.

ह्यांना तुमच्याकडे पाठवण्याबद्दल लिहिलंत. माझं अजून काही ठरत नाही. शेजारचा सुतार येऊन ह्यांना उठवून बसवतो, आणि मी शाळेत गेले की त्याची म्हातारी आई ह्यांच्याजवळ बसते. तो नसला तर माझ्या एकटीच्यानं होत नाही, हे मात्र खरं.

भावोजींना नमस्कार. उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

तुमची,
वहिनी

९ मार्च

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि.

आधी ती झारी कुठंतरी लपवून ठेवा! फुशिया तहानेनं मरतात त्याहून जास्त पाण्यानं मरतात. मातीत बोट खुपसून बघा. ओल लागली तर पाणी घालायचं नाही, झाडानं कितीही केविलवाणं तोंड केलं तरी. ताटल्यांत साचलेलं पाणी ओतून द्या. उन्हानं मान टाकली असेल तर त्यांना सावली हवी असते. सकाळचं कोवळं ऊन येतं आणि पुढं दिवसभर सावली असते, अशी भिंत बघून कुंड्या तिच्या कडेला सरकवा. वाळक्या काटक्या छाटून टाका, हात कचरू देऊ नका. नवा फुटवा आला की शेंडे खुडायचे. फुलं उशिरा येतात, पण झुडूप भरतं.

आता दुसरं. वहिनी, रागावू नका, मी तोंडाची फटकळ. दादाला इथं आणलेलं बरं. आमचं घर खालच्या मजल्यावर, बेकरी पुढच्या खोलीत, म्हणजे दिवसभर कोणी ना कोणी असतं. मागं अंगण आहे, सावली आहे, आणि झाडांचं मला कळतं. तुमची पाठ किती दिवस टिकणार? त्याची खोली रंगवून घेतली आहे. एप्रिल संपला की आम्ही गाडी घेऊन येतो. तुम्हीही या म्हटलं असतं, पण तुमची शाळा सुटत नाही, तेव्हा सुट्टीत या.

त्याला माझ्याकडून सांगा, की लवकर बरा झाला नाहीस तर कान धरीन.

मनात काही ठेवू नये, ही विनंती.

तुमची,
वन्सं

१४ एप्रिल

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं, पण उशीर झाला होता. निम्म्या कुंड्या गेल्या. उपटून बघितलं तर मुळं काळी पडून लिबलिबीत झालेली. मीच बुडवल्या. ह्यांच्यासमोर त्या बाहेर टाकताना मला तोंड लपवावंसं वाटलं. उरलेल्या भिंतीकडेला सरकवल्या. त्यांना बारीक फुटवा आलाय.

परवाची गोष्ट सांगायची आहे. दुपारी ऊन फार तापलं. हे मागच्या दाराशी बसले होते. मोठ्या कुंडीतलं झुडूप बघता बघता लुळं पडलं, आणि तुमचं सगळं सांगणं विसरून मी झारी घेऊन धावले. पाण्याची धार पडते न पडते तोच पाठीमागून कोणीतरी ओरडलं, की पुरे!

वन्सं, घरात आम्ही दोघंच होतो. मी वळून बघितलं. हे रागानं लालबुंद, डावा हात उगारलेला. ओरडले ते ओरडले, आणि माझ्याइतकेच स्वतःही दचकले. माझ्या हातातली झारी पायावर पडली. मी तिथंच फरशीवर बसून रडले. किती महिन्यांनी नवऱ्यानं माझ्यावर आरडाओरडा केला होता!

दुसऱ्या दिवशी मुद्दाम झारी घेऊन कुंडीपाशी गेले. ह्यांनी बघितलं, माझा डाव ओळखला, आणि ओरडायचं सोडून हसत सुटले. शब्द काही आला नाही.

तुमच्याकडे जायचं का, असं मी ह्यांना विचारलं. मान डोलावली. इथंच राहायचं का, विचारलं. तशीच डोलावली. मी ठरवून टाकलं आणि उद्या ते ह्यांच्या मनाविरुद्ध निघालं तर? म्हणून तुम्हीच या. तुमची सख्ख्या बहिणीची नजर, तुम्हाला काही उमगेल. न्यायचं ठरलं तर मी अडवणार नाही. कपडे धुऊन, घड्या घालून ठेवले आहेत.

वाट पाहते.

तुमची,
वहिनी

६ मे

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. निघताना मी तुमच्याशी धड बोलले नाही, आणि वाटेत आमच्या ह्यांच्याशीही बोलले नाही. ह्यांनी दोनदा चहासाठी गाडी थांबवली, मी उतरले नाही. चार दिवस गेल्यावर आज लिहायला बसले आहे.

मी दादाला न्यायलाच आले होते. येतोस ना, विचारलं तेव्हा त्यानं मान डोलावली आणि मला तेवढं पुरलं. सुतारानं त्याला गाडीत बसवलं, तेव्हा किती खुशीत होता! मला वाटलं, बहिणीकडे जायचा आनंद. मग तुम्ही पिशवी त्याच्या मांडीवर ठेवलीत, दार लावायला मागं झालात, आणि त्यानं तुमचं मनगट धरलं. तुम्ही समजावलंत, सुट्टीत येते म्हणालात, एकेक बोट सोडवायला लागलात. एक सोडवलं की दुसरं घट्ट. तुम्हीही गाडीत बसणार, असंच तो धरून चालला होता. मी पुढच्या सीटवरून सगळं बघत होते आणि, खरं सांगते, मला तुमचा राग आला. लहानपणी त्या हातात माझा हात असायचा. शेवटी आमच्या ह्यांनीच इंजिन बंद केलं आणि सुताराच्या मदतीनं दादाला परत खाली उतरवलं.

आदल्या सकाळी तुम्ही कुंडी मांडीवर घेऊन त्याच्यापुढं बसला होतात आणि तो डाव्या हातानं शेंडे खुडत होता. चुकीचा कोंब धरला की तुम्ही शाळेतल्यासारखा दम देत होतात आणि तो मुकाट्यानं ऐकत होता. आमच्या दादानं जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तर आता असं. दर महिन्याला चार दिवस मी येणार. बेकरी हे सांभाळतील. त्या चार दिवसांत तुम्ही फक्त झोपायचं. यात नाही म्हणायचं नाही.

राग ओसरलाय. तुमचाही ओसरो.

तुमची,
वन्सं

२१ जून

प्रिय वन्सं,

स. न. वि. वि.

राग कसला? तुम्ही गेल्या वेळी आलात तेव्हा मी इतकी झोपले की सुताराला मी आजारी आहे असं वाटलं. रंगवलेली खोली मोकळी ठेवा, दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही दोघंही येतो.

आता बातमी. ह्यांना एक नवा शब्द आलाय आणि तो दिवसभर चालतो. पाणी हवं असलं की ठमे. खिडकी उघडायची असली की ठमे. कोपऱ्यातल्या कुंडीवर पांढरी माशी बसली, तरी ठमेच. आधी मला कळेना ही ठमी कोण. मग सुताराच्या आईनं सांगितलं, ती तुमच्या लहानपणापासूनची शेजारीण, की तुम्ही लहान असताना हे तुम्हाला त्याच नावानं हाक मारायचे.

दोन दिवस मला वाईट वाटलं, लपवत नाही. पुन्हा म्हटलं, इतक्या वर्षांत ह्यांनी मला नावानं हाक मारली कधी? अगं आणि ऐकलंस का, यावरच संसार झाला. आणि तुम्हाला त्या दिवशी गाडीतून रिकाम्या हातानं जावं लागलं. तेव्हा हे तुमचं तुम्हाला कळवलंच पाहिजे.

आज सकाळी मोठ्या कुंडीतली पहिली फुलं उमलली. वर लाल, आत जांभळी, डुलांसारखी लोंबणारी. ह्यांना माझ्या आधी दिसली. दाराशी बसून मोठ्यांदा हाक मारली, ठमे! मी स्वयंपाकघरात होते. हात पुसले, आणि तुमच्या वतीनं ओ दिली.

तुमची,
वहिनी