कर्नलमधली दोनशे चौदा ठिकाणं

३ मार्च, सोमवार
मीटिंगमध्ये हात वर केला. आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, मेमरी वाचायची एक वीस वर्षं जुनी पद्धत आहे. ती वापरताना सुरक्षेची तपासणी थोडा वेळ बंद करायची आणि काम झालं की आठवणीने चालू करायची. कोणी विसरला की दार सताड उघडं. एका हॉस्पिटलच्या लॅबला हे कळल्यापासून त्यांनी आमची सिस्टिम असलेल्या मशीनचं नेटवर्कच काढून ठेवलंय. रिपोर्ट हातात घेऊन तीन मजले वर-खाली करतात. मी म्हटलं, तीन दिवसांत साफ करतो. मॅनेजरबाईंनी तीन आठवडे लिहून घेतले. माणसाची पारख नाही.

४ मार्च
सर्च केलं. दोनशे चौदा ठिकाणी त्या पद्धतीचं नाव सापडलं. किरकोळ आहे. संकल्प: रोज सत्तर. आज शून्य, कारण आधी शीट हवी. शीट देखणी झाली. झालेलं काम हिरव्या रंगात दिसेल.
बायको दातांची डॉक्टर. म्हणाली, दाढ काढण्याआधी मुळं कुठवर गेलीत ते बघतात. म्हटलं, हे दात नाहीत.

५ मार्च
सासरेबुवांचा फोन. जावई कर्नलची सफाई करतोय असं लेकीकडून ऐकलं म्हणे, त्या कर्नलसाहेबाने एवढं काय केलं? वीस मिनिटं खुलासा केला. शेवटी विचारलं, पेन्शन तरी मिळेल ना त्याला? दिवस त्यातच गेला.

१० मार्च
रोज सत्तर अवास्तव होतं. आता रोज पन्नास. आजचे शून्य, पण शून्यामागे विचार आहे. एकेक ठिकाण हाताने बदलण्यापेक्षा सगळं एकदम बदलणारी स्क्रिप्टच लिहितो.
शेजारच्या टेबलावरच्या मौनीबुवांची कीव येते. हे नाव ऑफिसनेच ठेवलंय. फाइल उघडतात, वाचतात, खिडकीबाहेर बघतात, दोन ओळी बदलतात. काय चाललंय विचारलं तर म्हणाले, तुमचंच काम थोडं हलकं करतोय. म्हटलं, कशाला जीव आटवता, स्क्रिप्ट येतेय.

१४ मार्च, सकाळी ११
स्क्रिप्ट चालवली. चार सेकंदांत दोनशे चौदा!
११.१०
टेस्टचं मशीन सुरू होत नाही. मशीन जुनं असावं.
११.४०
एकही मशीन सुरू होत नाही. टेस्टिंगवाल्या बाई कमरेवर हात ठेवून माझ्या टेबलाशी. स्क्रिप्टने जुन्या पद्धतीबरोबर तपासणीही उडवली. दार लावायला निघालो आणि चौकटच उखडली. सगळं होतं तसं केलं.
तरी चार सेकंद हा विक्रमच.

१८ मार्च
लॅबवाल्या ताईंचा फोन. कालपासून लिफ्टही बंद, पोटऱ्या भरून आल्यात म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. फार वाईट वाटलं. लगेच बसलो आणि स्वतःच्या हाताने एक ठिकाण काढलं. मशीन सुरू झालं, काही बिघडलं नाही! शीटमध्ये पहिला हिरवा चौकोन. बायकोला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. हात बसला. उरलेले दोनशे तेरा म्हणजे दोन दिवसांचं काम.

२१ मार्च
दोन दिवस खोकला.

२४ मार्च, सोमवार
मॅनेजरबाईंनी सगळ्यांना बोलावलं. जुनी पद्धत कर्नलमधून पूर्ण गेली. लॅबचं मशीन सकाळपासून नेटवर्कवर आहे, ताईंनी आभार कळवलेत. टाळ्या. मी उठून उभा राहिलो, चार शब्द तयार होते. तेवढ्यात पडद्यावर यादी आली. मौनीबुवा: दोनशे तेरा.
मी नम्रपणे म्हटलं की, दोनशे चौदावं माझं.
मौनीबुवांनी घसा साफ केला. “ते पाहिलं मी. तो कोड नव्हता, कोडवर माणसांसाठी लिहिलेली टीप होती. चांगली होती, म्हणून परत ठेवली.”
कोणी हसलं नाही, हे टीमचं मोठेपण. मी उभाच होतो. मॅनेजरबाई म्हणाल्या, उभेच आहात तर जरा पंखा लावा.
लावला.