दीड टनाचा जॅक

१३ जानेवारी १९८७, परभणी.
घरगाडी तयार. जुन्या मेटाडोरमध्ये दोन पलंग, स्टोव्ह, पाण्याचा ड्रम, लोखंडी कपाट. चोरांसाठी खिडक्यांना जाळ्या. शुक्रवारी सोनपेठला लेकीकडे. पारूचं दुसरं बाळंतपण. ती जन्मली तेव्हा मी इरिगेशनच्या टूरवर होतो. या वेळी आधी हजर राहणार.

फक्त जॅक घ्यायचा राहिला. मुंजाजी मिस्त्री म्हणाला, "साहेब, पाच टनी हायड्रोलिक घ्या." मी आरसी बुक दाखवलं. रिकामी गाडी दीड टन, म्हणून दीड टनी स्क्रू जॅक. तो म्हणाला, "कागदावर रिकामी हाय. तुमी आत आख्खा संसार भरलाय की." मिस्त्री लोकांचं गणित कच्चं असतं.

१४ जानेवारी.
बायको, कस्तुराबाई, म्हणते, एकदा जॅक अंगणात लावून बघा. म्हटलं, रिहर्सल नाटकवाल्यांना लागते.

१६ जानेवारी, सकाळी ११. पाथरीच्या पुढे.
मागचं डावं चाक पंक्चर. छान. जॅकची परीक्षा होईल.

११.४०
जॅक फिरवतोय. गाडी आहे तिथंच, जॅक मात्र खाली चाललाय. कडेला कॅनॉलचं पाणी झिरपून काळी माती मऊ झालीय. दोष मातीचा.

१२.३०
खाली फरशी घातली. गाडी चार बोटं उचलली! पाना आत राहिला होता, तो आणायला चढलो. जॅक वाकला. गाडी डाव्या अंगाला बसली. दार बांधाला टेकलं. कपाट सरकून ड्रायव्हर सीटच्या वाटेत अडकलं. तूर्त मी आत आहे.

१.१०
कपाट हलत नाही. कस्तुराबाई जाळीतून विचारते, "लागलं का कुठं?" म्हटलं, विश्रांती घेतोय.

२.००
सोनपेठची एसटी थांबली. त्यात जावयांचे शेजारी दत्तराव, सकाळी पाथरीला येऊन आता घरी परत निघालेले. म्हणाले, पारूला सकाळपासून कळा सुरू झाल्यात. कस्तुराबाईनं माझ्याकडे पाहिलं. "मी जाऊ का तुमच्यापाशी थांबू?" म्हटलं, जा, मी तुझ्या आधी पोचतो. गेली. जाळीला हात लावून गेली.

३.३०
जाळी मीच जाड सांगितली होती. लय मजबूत काम.

४.४५
रस्त्यानं एक शेतकरी आला, सटवाजी. वाकून म्हणाला, "आत कोन हाय?" सगळं सांगितलं. म्हणाला, "आदी सामान काढावं लागंल." मी म्हणालो, सेटिंग बिघडेल. तो निघाला. मी हाक मारली. लेकीचं सांगताना आवाज का फुटला कळत नाही.

६.००
सटवाजी चौघांना आणि छिन्नी घेऊन आलाय. जाळी तोडतायत. आधी स्टोव्ह, गाद्या, मग मी. डोकं पुढं काढू की पाय, यावर बाहेर मतभेद आहेत.

१७ जानेवारी, सोनपेठ.
सकाळच्या एसटीनं उभ्यानं आलो. नात काल चार वाजताच झाली. दोघी खुशाल. पारूनं विचारलं, "बाबा, प्रवास कसा झाला?" उत्तम, म्हटलं.

पण कस्तुराबाईनं आधीच सगळं सांगितलंय, आणि राहिलेलं आता माझ्या तोंडून काढून घेतलं. गल्लीतल्या बायका बाळ बघायला येतात. बाळ बघून झालं की ओसरीवर येतात, पदर तोंडाला लावतात, आणि मला बघून जातात.