समोर कुणी नसलेला अर्ज

अप्पा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते. शाळेत वह्या तपासताना, मैलूरच्या बाजारात भाजी घेताना, कधीही. कारण तेच जुनं. साऱ्या जगाला तुम्ही "कामून?" म्हणून कारण विचारलंत आणि पोटच्या पोरीला एकदाही विचारलं नाहीत. आज रविवार, आई देवळात गेली आहे, तेव्हा म्हटलं हे एकदाचं कागदावर मांडावं. कागदावर मांडणं हा तुमचाच धंदा होता.

कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली तुमची सतरंजी आणि उतरतं मेज असायचं. हैदराबादच्या अमलात तुम्ही लोकांचे अर्ज उर्दूत लिहिलेत, राज्य बदललं तेव्हा चाळिशीत कन्नड गिरवून कन्नडात लिहू लागलात, आणि घरी येऊन आम्हाला मराठीत रागावायचात. शाळा सुटली की मी तिथं येऊन बसायची. संतपूरकडचा एखादा माणूस सख्ख्या भावावर अर्ज करायला यायचा. तुम्ही पेनाचं टोपणही न काढता विचारायचात, "कामून भांडायलास रं?" तो काहीतरी सांगायचा. तुम्ही पुन्हा तेच विचारायचात. तिसऱ्यांदा विचारलं की तो चिडायचा नाहीतर रडायचा, आणि मग कुठं तुम्ही लिहायला घ्यायचात. लिहून झालं की त्याच्या भाषेत सगळं वाचून दाखवायचात आणि मगच अंगठा. कित्येकजण अर्ज न करताच घरी परत गेले. आई म्हणायची, गिऱ्हाईक घालवणारा असा अर्जनवीस जिल्ह्यात दुसरा नसेल.

माझं लग्न मात्र तुम्ही एका बैठकीत ठरवलंत. मुलगा हळ्ळीखेडचा, गुलबर्ग्याला कॉलेजात शिकवणारा. तासभर बसला, मेजावरचा तुमचा अर्ज सहज वाचला आणि त्यातली कन्नडची एक चूक अदबीनं दाखवली. झालं, तुम्ही खूश. सरळ माणूस आहे, असं गावभर सांगत सुटलात, आणि ते खरंच होतं. सहा वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मीही नाही. एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून आम्ही इतकं जपून वागायचो की संध्याकाळी दोघंही कुणी पाहुणा येतोय का याची वाट बघायचो. पाहुणा असला की आम्ही छान असायचो. तो गेला की ते त्यांचे पेपर तपासायला घ्यायचे, मी माझे. मग बिदरच्या शाळेत जागा निघाली, मी इकडं आले, आणि वर्षभरात दोघांनाही हायसं वाटलं. त्यांचंच पत्र आलं, नवा कायदा झालाय, घटस्फोट दोघांच्या संमतीनं होतो, कुणावर चिखल उडवावा लागत नाही. मी उलट टपाली होकार कळवला.

अर्ज तुम्हीच लिहिलात. वकिलांनी नुसती सही केली. तसला अर्ज तुम्ही आधी कधी लिहिला नव्हता, बघून लिहायला नमुना नव्हता. हात सवयीनं चालला आणि दोन नावांच्या मध्ये तुम्ही "विरुद्ध" लिहून मोकळे झालात. मग थांबलात. दोघंही अर्जदार, समोर कुणीच नाही, असला कागद तुमच्या हाताला ठाऊक नव्हता. पान फाडून दुसरं घेतलंत. कारणाच्या जागी कायद्यातलं वाक्य उतरवलंत, की एकत्र राहणं जमलं नाही. मी समोर बसून वाट बघतेय, आता विचारतील, आता विचारतील. तुम्ही कागद पुढं केलात.

"वाचून दाखवू?"

"नको. मला वाचता येतं."

तुम्ही पेन माझ्या हातात दिलंत आणि कोर्टाच्या दाराकडं बघत राहिलात. माझा राग तिथून सुरू झाला.

सहा महिन्यांनी दुसरी तारीख. साहेब कन्नडात विचारतात, कुणाची जबरदस्ती आहे का? आम्ही दोघं एका सुरात "इल्ला", नाही, म्हणतो. लग्नानंतर आमचं इतकं एकमत पहिल्यांदाच झालं असेल. पाच मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर आल्यावर ते तुमच्या पाया पडले, आणि तुम्ही नेहमीच्या सवयीनं डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "दोघं सुखानं ऱ्हावा." मग त्यांनीच आपल्याला समोरच्या हॉटेलात नेलं, चहा पाजला आणि दुपारच्या बसनं गुलबर्ग्याला गेले. बस वळेपर्यंत तुम्ही रस्त्यावर उभे होतात. माझ्यापेक्षा तुम्हीच त्यांच्याशी जास्त बोलायचात, याचं मला एरवी हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

भांडण झालं नाही म्हणजे काही गेलं नाही, असं लोकांना वाटतं. त्यांनी मारलं असतं, दारू प्यायले असते, तर चार बायका माझ्याजवळ येऊन बसल्या असत्या. माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून माझ्यातच काहीतरी खोट असणार असं ठरवून त्या उठून जायच्या. सासूबाई दरवर्षी हुरड्याला निरोप पाठवायच्या, माझ्यासाठी कोवळी कणसं बाजूला काढून ठेवायच्या. त्यांचा माझ्यावर काडीचा राग नव्हता. त्या गेल्याचं मला तीन महिन्यांनी, परक्या माणसाकडून कळलं. सुतक मला नव्हतंच. दुसऱ्या दिवशी रजा घ्यावी म्हणून कागद पुढं ओढला, पण कोण वारलं म्हणून लिहू ते कळेना. तशीच वर्गावर गेले.

आणि तुम्ही. सोयरिकीच्या बैठकीत तुमच्यावाचून पान हलायचं नाही. त्यानंतर कुणी स्थळाबद्दल विचारायला आलं की तुम्ही म्हणायचात, मला त्यातलं कळत नाही. लग्नाच्या पत्रिका आल्या की आईला पुढं करायचात. कडुलिंबाखाली बसायचात, पण माणसांना पहिल्यासारखं खोदून विचारायचं सोडलंत. सांगतील तेवढं लिहून द्यायचात.

कोर्टाचं आटोपलं त्याच उन्हाळ्यात एका सकाळी आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता ती बोलली. "ते सोताला दोष द्यायलेत. रोज म्हणतेत, मी एका बैठकीत पोरीचं वाटोळं केलो, आता कंच्या तोंडानं तिला विचारू. तू एक डाव बोल की त्यांच्यासंग."

मी बाहेर आले. तुम्ही ओसरीवर पेनाची जीभ आणि निब पाण्यात धुवत बसला होतात. आईनं मला काय सांगितलं ते तुम्हाला ऐकू आलं असणार, घर तेवढंसं तर होतं. तुम्ही वर बघितलंत, पेन खाली ठेवलंत, हात धोतराला पुसलेत आणि थांबलात. तुमची चूक नव्हती अप्पा, माणूस तुम्ही चांगलाच निवडला होता, आमचं आम्हालाच जमलं नाही. एवढंच म्हणायचं होतं. दोन वाक्यं.

"चहा ठेवू?" मी म्हणाले.

"ठेव."

संक्रांतीच्या आत तुम्ही गेलात.

हे पत्र कुठं जाणार नाही. आई यायच्या आत मी ते शाळेच्या जुन्या कागदांखाली ठेवून देईन. आजवर मी सगळ्यांना सांगत आले की माझ्या अप्पांनी मला विचारलंसुद्धा नाही. का विचारलं नाही ते मला ठाऊक होतं, हे कुणाला सांगितलं नाही. त्या सकाळी शब्द सुचले नाहीत असंही नाही, दोन्ही वाक्यं तोंडाशी आली होती. पण नवऱ्याला दोष देता येत नव्हता, स्वतःला द्यायची हिंमत नव्हती, आणि दोष कुणाचाच नाही हे मला सोसवत नव्हतं. तुम्ही तो आपल्या अंगावर घेतला होतात. चुलीवर चहाचं आधण ठेवताना, खरं सांगते अप्पा, मला बरं वाटलं होतं.